शिष्टाचाराचें मूल्य
शिष्टाचार म्हणजे श्रीमंतांचें सोंग, असा समज पुष्कळ सुशिक्षितांचाहि आहे. लेटिशिया बाल्ड्रिज (१९२६-२०१२) या अमेरिकन लेखिकेचें चरित्र व ग्रंथ पाहतां तो टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें. पॅरिस व रोम येथील अमेरिकन वकिलातींत काम केल्यावर १९६१ मध्यें त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नीच्या सामाजिक चिटणीस झाल्या. व्हाइट हाउसमधील मेजवान्यांची व्यवस्था त्यांजकडे आली. पुढें १९७८ मध्यें त्यांनीं ॲमी व्हँडरबिल्ट यांचा शिष्टाचारावरील प्रसिद्ध ग्रंथ सुधारून काढला. दाराशीं जो प्रथम पोंचेल त्यानें तें उघडावें, मग तो पुरुष असो वा स्त्री, असें त्यांचें मत. यांत नियम बदलला, परंतु दुसऱ्याची सोय पाहण्याचें तत्त्व कायम राहिलें. हाच त्यांच्या लेखनाचा विशेष होय. मात्र व्यापारी अधिकाऱ्यांसाठीं लिहिलेल्या १९८५ च्या ग्रंथांत सौजन्य धंद्यालाहि किफायतशीर ठरतें असें त्या पटवूं पाहतात, तेथें आमचा मतभेद आहे. लाभाच्या आशेनें धरलेलें सौजन्य लाभ सरतांच सरतें. ज्याच्यापासून आपणांस कांहींच मिळावयाचें नाहीं, त्याच्याशीं आपण कसे वागतों, यावरूनच शिष्टाचाराची पारख व्हावी.