इशाऱ्याचे वाचन : कीटकनाशकाचे लेबल, उत्पादन-दायित्व आणि सांगोल्याची डाळिंबबाग

१

माणदेशाच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील सांगोला तालुक्याचे नाव गेल्या काही दशकांत डाळिंबाशी जोडले गेले आहे. प्रथम गणेश आणि नंतर भगवा या वाणांनी येथील हलक्या जमिनीला नगदी पीक दिले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली, यामागे तालुक्याच्या फळबागायतीची ही प्रतिष्ठा होती. या वैभवाबरोबर फवारणीही वाढली. तेल्या रोगाने आणि पुढे खोडाला छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याने बागा खचू लागल्या, आणि कृषी सेवा केंद्रातून येणारी बाटली बहाराच्या प्रत्येक टप्प्यावर अपरिहार्य झाली.

सदर बाटली प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तीत सुरक्षिततेच्या दोन व्यवस्था एकत्र येतात. एक व्यवस्था फळ खाणाऱ्याचे रक्षण करते, दुसरी फवारणाऱ्याचे. पहिली व्यवस्था किती कठोर आहे, हे युरोपीय संघाच्या २००५ च्या ३९६ क्रमांकाच्या विनियमावरून दिसते. ज्या द्रव्यासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश एका किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा असे तो सांगतो. म्हणजे शंभर टन फळांत एक ग्रॅम. ही मर्यादा नुसती कागदावर नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हा महाराष्ट्रातील बागायतदारांना तिचा अर्थ कळून चुकला. द्राक्षांसाठी ग्रेपनेट, डाळिंबासाठी अनारनेट आणि पुढे हॉर्टिनेट अशी नोंदणीची साखळी उभी राहिली. बागेची नोंद, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेतील नमुना, पेटीवरील क्रमांक : परदेशातील दुकानात ठेवलेले फळ कोणत्या बागेतले, याचा माग आता लागू शकतो.

दुसऱ्या व्यवस्थेचा आधार मात्र मुख्यतः एक मजकूर आहे. खाणाऱ्याची सुरक्षितता आपण मोजतो. फवारणाऱ्याची केवळ छापतो. हे विधान अतिशयोक्त आहे की यथार्थ, हे ठरविण्यासाठी तो मजकूर आणि त्याला कायद्याने दिलेले वजन, दोहोंची परीक्षा केली पाहिजे.

२

कीटकनाशकांचा कायदा एका दुर्घटनेतून जन्मला. १९५८ मध्ये केरळात आणि लगतच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यानंतर न्यायमूर्ती शाह यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि कालांतराने १९६८ चा कीटकनाशक अधिनियम व १९७१ चे नियम आले. आयात करणारा आणि उत्पादन करणारा या दोघांनाही नोंदणीच्या एकाच दारातून जावे लागते, ही या अधिनियमाची मोठी जमेची बाजू होय. नोंदणीपूर्वी द्रव्याची परिणामकारकता आणि माणसांच्या व जनावरांच्या दृष्टीने त्याची सुरक्षितता तपासली जाते. नियमांनी लेबलाचा तपशीलही बारकाईने ठरविला : लेबलावर दोन त्रिकोणांत विभागलेला चौकोन, वरच्या त्रिकोणात इशारा, खालच्या त्रिकोणात विषारीपणाची श्रेणी दाखविणारा रंग, आणि हिंदी, इंग्रजी यांखेरीज त्या प्रदेशातील एक किंवा दोन भाषांत मजकूर. ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’ अशा प्रकारचे दावे करण्यास बंदी आहे.

एवढी दक्षता घेणाऱ्या नियमकर्त्यांनी एक प्रश्न मात्र विचारला नाही : हा मजकूर ज्याच्यासाठी आहे, त्याला तो कसा कळतो?

प्रथम रंगांचा विचार करू. तांबडा, पिवळा, निळा आणि हिरवा असा तीव्रतेचा उतरता क्रम आहे. तांबड्याचा अर्थ कोणासही सांगावा लागत नाही. पण पिवळ्यापेक्षा निळा सौम्य, हे आपल्या कोणत्या अनुभवातून कळावे? पिवळा हा आपल्याकडे हळदीचा, भंडाऱ्याचा, मंगलकार्याचा रंग. त्यात भयाची सूचना नाही. हिरव्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो. रस्त्यावरील हिरवा दिवा पुढे जाण्यास सांगतो. कीटकनाशकावरील हिरवा त्रिकोण मात्र केवळ ‘इतरांहून कमी विषारी’ असे म्हणतो. ज्याला चार रंगांची मालिका ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने हिरवा म्हणजे निर्धोक. शब्दांत ज्या दाव्यास नियमाने मनाई केली, तोच दावा रंगाच्या द्वारे परत आत आला.

शब्दांची अडचण याहून खोल आहे. सांगोल्यातच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्रात शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. तो औषध आणतो, औषध मारतो, पिकाला औषध लागू पडले असे म्हणतो. या शब्दाची दुसरी बाजूही त्याला ठाऊक आहे. ‘औषध प्यायला’ एवढे म्हटले की गावात कोणाला अधिक काही विचारावे लागत नाही. म्हणजे बोलीने त्या द्रव्याचे विषपण विसरलेले नाही. मात्र ते पिण्याच्या कृतीपुरते मर्यादित केले आहे. पिणारा मरतो, फवारणाऱ्याला केवळ ‘वास लागतो’, असा भेद भाषेतच रुजला आहे. लेबलावरील ‘विष’ हा शब्द या भेदाला स्पर्श करीत नाही, कारण वाचणाऱ्याचा विचार पिण्याचा नसतोच. कातडीतून आणि श्वासातून विष शरीरात जाते, ही गोष्ट ज्या वाक्यात सांगावयाची ते वाक्य पुष्कळदा घडीच्या पत्रकाच्या आतल्या बाजूस, बारीक अक्षरात असते. तेथेही ‘उतारा’ म्हणण्याऐवजी ‘प्रतिविष’, किंवा ‘फवारल्यावर इतके दिवस फळ तोडू नये’ असे म्हणण्याऐवजी ‘प्रतीक्षा कालावधी’ अशा धर्तीची परिभाषा योजली जाते. ती चुकीची नाही. पण ती तज्ज्ञाने तज्ज्ञासाठी घडविलेली आहे.

मापांचेही तेच. पत्रकातील मात्रा हेक्टरच्या हिशेबाने दिलेली असते; बागेतील व्यवहार एकर, पंप आणि बाटलीचे टोपण यांच्या हिशेबाने चालतो. हे गणित दुकानदार तोंडी करून देतो. परिणामतः नोंदणी समितीने मान्य केलेला मजकूर एक, आणि प्रत्यक्षात अंमलात येणारा मजकूर दुसरा. या दुसऱ्याचा कर्ता कोठेही नोंदलेला नसतो.

३

अशा मजकुरावर कायद्याने केवढा भार टाकला आहे, हे आता पाहू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले, ही निःसंशय स्वागतार्ह घटना होती. कलम ८४ प्रमाणे वस्तूच्या निर्मितीत किंवा आराखड्यात दोष असेल, अथवा योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा अयोग्य वापराविषयीचा इशारा नसेल, तर उत्पादक उत्तरदायी ठरतो. कलम ८६ आयातदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आयात करणाऱ्याचा समावेश ‘विक्रेता’ या व्याख्येत होतो. आणि मूळ उत्पादक अज्ञात असेल किंवा भारतीय कायद्याच्या आवाक्याबाहेर असेल, तर ग्राहकासमोर विक्रेत्याला उभे राहावे लागते. परदेशी कारखान्याकडे बोट दाखवून सुटका करून घेण्याची वाट येथे बंद झाली. बियाण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानले होते. तेव्हा हे प्रकरण बागेपर्यंत पोहोचण्यास तत्त्वतः हरकत नाही.

परंतु कलम ८७ वाचताना हा समाधानाचा सूर टिकत नाही. वस्तू मालकाने कामाच्या जागी वापरण्यासाठी विकत घेतली असेल, आणि उत्पादकाने इशारा त्या मालकाला दिला असेल, तर अपुऱ्या इशाऱ्याच्या दाव्यात उत्पादक उत्तरदायी राहत नाही. कारखान्याच्या संदर्भात या अपवादाला अर्थ आहे; तेथे मालकाजवळ प्रशिक्षणाची यंत्रणा असते असे गृहीत धरता येते. डाळिंबाच्या बागेत बाटली विकत घेणारा बागाईतदार असतो, आणि पाठीवर पंप घेणारा पुष्कळदा रोजंदारीचा मजूर. बाग ही ‘कामाची जागा’ ठरली, तर मालकाच्या हाती लेबल पडताच उत्पादकाचे कर्तव्य संपते. ज्याच्या अंगावर तुषार उडतात, त्याच्यापर्यंत इशारा पोहोचला की नाही हा प्रश्न उत्पादकापुरता उरतच नाही. याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, जो धोका उघड किंवा सर्वज्ञात आहे, किंवा वापरणाऱ्याला ठाऊक असावयास हवा होता, त्याविषयी इशारा दिला नाही तरी उत्पादक दोषी नाही. ‘सर्वज्ञात’ म्हणजे कोणाला ज्ञात? ‘औषध’ या शब्दाची वर केलेली चिकित्सा येथे उपयोगी पडावी. पिण्यातील धोका सर्वज्ञात आहे. घामाने भिजलेल्या सदऱ्यातून शिरणारा धोका तसा नाही. हे दोन धोके एकाच शब्दाखाली मोडतात म्हणून न्यायनिर्णयातही ते एक मानले जाण्याचे भय आहे.

ही शंका केवळ तार्किक नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पीक निराळे, प्रदेश निराळा. पण बाटली, पाठीवरचा पंप आणि न वाचलेले पत्रक ही सामग्री सांगोल्यातही तीच आहे.

४

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. शेतकरी पत्रक वाचतच नाही. हातमोजे आणि मुखपट्टी दिली तरी वैशाखाच्या उन्हात कोणी घालीत नाही. मग उत्पादकाने आणखी करावे तरी काय? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष मात्र खरा नाही. चाळीस अंशांच्या उष्म्यात जी साधने अंगावर ठेवणे अशक्य होते, ती वापरण्याची सूचना ही सूचना नसून पुढे येणाऱ्या दाव्याचे आगाऊ उत्तर होय. शिवाय १९७१ च्या नियमांतच उत्पादक आणि वितरक यांच्यावर प्रशिक्षणाची जबाबदारी आहे. त्या तरतुदीची अंमलबजावणी लेबलाच्या तुलनेत क्षीण राहिली, कारण छापलेले लेबल दाखविता येते. शिकविलेले मोजावे लागते.

मोजणे अशक्य नाही, याचा पुरावा याच तालुक्यातील निर्यातक्षम बागा देतात. शंभर टनांतील एक ग्रॅम शोधणारी व्यवस्था उभी राहिली, कारण तिच्यावाचून माल परत येत होता. मग नोंदणीपूर्वी परिणामकारकतेबरोबर इशाऱ्याच्या आकलनाचीही चाचणी घेण्यात अडचण कोणती? दहा मजुरांना लेबल दाखवावे किंवा वाचून दाखवावे, त्यांच्याकडून अर्थ विचारावा, आणि तो चुकला तर मजूर नव्हे, लेबल नापास करावे. दहाच्या जागी शंभर घ्यावेत की अधिक, हा तपशील होय. नापास कोण होतो, हा तत्त्वाचा भाग आहे. जोपर्यंत ही चाचणी नाही, तोपर्यंत कलम ८४ मधील ‘पुरेशा’ या विशेषणाला परिमाण नाही, आणि कलम ८७ मधील सवलती त्या पोकळीत वाढत राहणार.

आपल्या विद्याशाखांनीही यात स्वतःचा वाटा ओळखला पाहिजे. काव्याच्या अर्थनिर्णयासाठी आपण जी सूक्ष्म दृष्टी कमावतो, तिला औषधाच्या बाटलीवरील चार ओळी क्षुद्र वाटू नयेत. ‘प्रतिविष’ की ‘उतारा’, ही शब्दनिवड भाषाशास्त्राची खरी. पण तिचा निकाल कधी कधी ग्रामीण रुग्णालयाच्या खाटेवर लागतो.