फिरंगी पात्यांवरील खुणा व त्यांचे वाचन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील सोथबीजच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने नागपूरकर भोसल्यांची तलवार ४७.१५ लाख रुपयांस मिळविली व ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आणली. तिचे सरळ, एकधारी पाते युरोपीय बनावटीचे असून मूठ मराठा शैलीची आहे. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग' असा देवनागरी लेख आहे. या निमित्ताने मराठा शस्त्रांवरील परकीय व देशी खुणांचे वाचन कसे करावे, हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. प्रस्तुत लेखात त्या वाचनातील दोन प्रचलित गृहीतकांची तपासणी केली आहे.

खुणांचे स्वरूप

खुणांवरून शस्त्र ओळखण्याची सर्वांत शिस्तबद्ध पद्धत जर्मन लष्करी संगिनींच्या अभ्यासात दिसते. प्रशियन संगिनीवर कारखानदाराचे नाव पात्याच्या मुठीलगतच्या भागावर, राजाच्या नावाचे मुकुटांकित आद्याक्षर व स्वीकृतीच्या वर्षाचे दोन अंक पाठीवर, तर पलटणीचे चिन्ह बहुधा आडव्या दांडीवर असते. घडविणारा, तपासणारा आणि वापरणारा अशा तीन भिन्न हातांच्या या तीन नोंदी होत. एकीचे काम दुसरीवर लादले, की निष्कर्ष चुकतो.

मराठ्यांच्या फिरंगेवरही असेच निरनिराळे हात दिसतात. मात्र त्यांमागे एका राज्ययंत्रणेची शिस्त नसते. पाते जर्मनी, इटली वा स्पेनमधून व्यापार, नजराणा किंवा लूट या मार्गांनी येई. मूठ येथील कारागीर चढवी. मालकाचे नाव त्यानंतर केव्हाही कोरले जाई. उत्तर कोकणात डहाणू, तारापूर व वसई ही ठाणी १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, हे ध्यानात घेता या मार्गांपैकी एक आपल्या परिसरालगतच होता, असे म्हणता येते. 'फिरंग' आणि 'अलेमानी' ही तलवारींची नावेच या आयातीची साक्ष देतात.

पहिले गृहीतक : खूण म्हणजे उगमस्थान

धावत्या लांडग्याची खूण मूळची पासाऊ येथील कारागिरांची. पुढे झोलिंगेनच्या कारागिरांनी ती उचलली. आंद्रेआ फेरारा हे इटालियन नावही झोलिंगेनच्या पात्यांवर मोठ्या प्रमाणात आढळते. विळ्यासारख्या दोन दातेरी कमानींची, जिनोव्हाशी जोडली जाणारी खूण युरोपात इतरत्र आणि भारतातही नकलली गेली. खुणेला बाजारात भाव होता, म्हणूनच तिची नक्कल झाली. त्यामुळे अशी खूण उगमाचा दाखला ठरण्याआधी ख्यातीचा दाखला ठरते.

लंडनच्या राजसंग्रहातील 'जगदंबा' तलवार कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स यांस भेट दिली. तिच्या युरोपीय पात्यावरील 'आयएचएस' ही अक्षरे येशूच्या नावाचे ग्रीक संक्षिप्त रूप आहेत. ती कारागिराची सही नव्हे. अनेक देशांतील पात्यांवर ती आढळत असल्याने केवळ त्यांच्या बळावर पाते पोर्तुगीज ठरविणे तर्कास धरून होत नाही.

दुसरे गृहीतक : लेख म्हणजे मालकाची निश्चिती

भोसले तलवारीवरील लेख स्पष्ट आहे. तथापि, त्यातील 'रघोजी' कोण, हे लेख स्वतः सांगत नाही. 'सेनासाहेबसुभा' हे पद नागपूर राज्याचे संस्थापक पहिले रघूजी यांच्याकडे होते, तसेच १८१६ मध्ये निधन पावलेल्या दुसऱ्या रघूजींकडेही होते. ही तलवार पहिल्या रघूजींची असल्याचे सांगितले जाते. ते मत खरे असू शकते. परंतु त्याचा भार एकट्या लेखावर टाकता येत नाही. अक्षरवळण, मुठीची घडण, सोनेकामाचे तंत्र आणि दप्तरातील नोंदी यांची जोड त्यास हवी. लेख पात्यानंतर किती काळाने कोरला, हाही स्वतंत्र प्रश्न उरतो.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. लेखातील शेवटचा शब्द 'फिरंग' हा आहे. पाते परदेशी असल्याचे लपविण्याची गरज मालकास वाटली नाही. उलट ते त्याने सोन्याने लिहून ठेविले. परकीय खूण आढळताच शस्त्राचे मराठेपण उणावते, ही आजची धास्ती त्या काळच्या जाणिवेस परकी होती, हे येथे दिसून येते. याच धास्तीपोटी खुणांकडे दुर्लक्ष करणे आणि खुणांच्या आधारे परंपरा मोडीत काढणे, हे एकाच चुकीचे दोन आविष्कार होत.

समारोप

सारांश, संग्रहालयातील नोंदफलकावर पाते, मूठ आणि लेख यांच्या स्वतंत्र नोंदी असाव्यात. प्रत्येकीपुढे काल, स्थळ व पुरावा द्यावा आणि अनुमान तेथे 'अनुमान' असेच म्हणावे. अशा नोंदीने शस्त्राचा गौरव कमी होत नाही. युरोपातील भट्टीपासून नागपूरच्या दरबारापर्यंतचा त्याचा प्रवास वाचकासमोर उभा राहतो, आणि मराठा राज्यकर्त्यांनी जगाच्या बाजारातून उत्तम ते पारखून घेतले, हे त्यांचे कर्तृत्वही प्रकाशात येते. पारख हीच खुणांच्या अभ्यासाची खरी कसोटी आहे. त्या राज्यकर्त्यांनी ती पोलादाबाबत दाखविली, अभ्यासकांनी ती पुराव्याबाबत दाखवावी, एवढीच अपेक्षा.