झाकली मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण बहुधा टोमणा मारण्यासाठी वापरतो. मुठीत काही नाही, म्हणून ती झाकलेलीच बरी, असा तिचा रोख असतो. घरापासून दूर वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची मूठ मात्र निराळी. तिच्यात खरोखरच काहीतरी असते. घरातली एखादी गोष्ट, जी त्याला कळलेली आहे, आणि ती त्याला कितपत कळली आहे हे घरच्यांनाही नीट ठाऊक नाही. एरवी वसतिगृहात सारी मुले सारखी. गणवेश एक, घंटा एक, आमटीही एकच. भेटीचा दिवस उजाडला की हे सारखेपण संपते. फाटकातून आईवडील आत येतात, आणि त्यांच्याबरोबर प्रत्येकाचे घरही आत येते. कोण आले, कोण आले नाही, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली आहे, हे शंभर डोळे पाहत असतात. मूठ उघडण्याची भीती असते ती त्या दिवशी.

या भीतीवर कथा रचण्याचा मोह पुष्कळ लेखकांना झालेला आहे. त्यांतल्या बऱ्याच कथा एका ठरीव वाटेने जातात. मुलाला एखादे पत्र सापडते, किंवा दाराआडून चार शब्द कानी पडतात. मग रडारड, आरोप, शेवटी आलिंगन. अशा कथांत सारा जीव गुपितात असतो, आणि गुपित फुटले की कथेतला वारा निघून जातो. ज्या थोड्या कलाकृती मनात घर करून राहतात त्यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांतल्या मुलाला गुपित सापडत नाही, कारण ते त्याला आधीपासूनच ठाऊक असते. त्याला शोध लागतो तो दुसऱ्याच गोष्टीचा: हे गुपित कोणाच्या हाती द्यावे, याचा. माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. तीन कलाकृतींच्या आधाराने मी तो मांडून पाहणार आहे.

पहिली कलाकृती म्हणजे अलेक्झांडर पेन या दिग्दर्शकाचा 2023 साली आलेला 'द होल्डओव्हर्स' हा अमेरिकन चित्रपट. नावाचा अर्थ, सुटीत मागे राहिलेले. काळ 1970 च्या नाताळचा. स्थळ म्हणजे न्यू इंग्लंडमधील मुलांची एक श्रीमंत निवासी शाळा. सारे घरी जातात. अँगस टली हा मुलगा मात्र अडकून पडतो, कारण नव्या नवऱ्याबरोबर मधुचंद्राला जायचे म्हणून आईने ऐनवेळी त्याचा बेत मोडलेला असतो. त्याच्यावर देखरेख करायला राहतो पॉल हनम, प्राचीन इतिहासाचा शिक्षक. हा तिरसट, तिरळा, अंगाला माशासारखा वास येणारा आणि कोणालाच न आवडणारा माणूस आहे. तिसरी व्यक्ती स्वयंपाकघर सांभाळणारी मेरी. तिचा एकुलता मुलगा याच शाळेत शिकून व्हिएतनामच्या युद्धात मरण पावलेला आहे. या भूमिकेसाठी डावाइन जॉय रँडॉल्फ या अभिनेत्रीला 2024 साली ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि ते यथायोग्यच मिळाले.

अँगसने सर्वांना सांगितलेले असते की आपले वडील वारले. बोस्टनला गेल्यावर तो हनमपाशी हट्ट धरतो की मला वडिलांना भेटायचे आहे. हनमला वाटते, दफनभूमीत जायचे असेल. गाडी थांबते ती मनोरुग्णांच्या रुग्णालयापाशी. वडील जिवंत आहेत. मुलगा उत्साहाने शाळेच्या गोष्टी सांगू लागतो आणि वडील मधेच कुजबुजतात की माझ्या जेवणात इथे काहीतरी मिसळतात. पुढे एक अक्षर ऐकायला मिळत नाही. मुलाचा चेहरा विझताना आपण पाहतो. आपणही एक दिवस असेच होऊ, ही त्या पोराची खरी धास्ती असते. ती त्याने आजवर कोणालाही सांगितलेली नसते.

याच बोस्टनमध्ये हनमला त्याचा एक जुना सहाध्यायी भेटतो, आणि एरवी सत्याचे धडे देणारा हा मास्तर आपल्या कर्तृत्वाबद्दल धडधडीत खोटे बोलतो. हार्वर्डमधून त्याला काढून टाकले होते, त्याचे शिक्षण अर्धेच राहिले, ही त्याची झाकली मूठ. अँगस क्षणभर पाहतो आणि त्या खोट्यात बेमालूम भर घालतो! विद्यार्थी मास्तरची लाज राखतो. रुग्णालयाची भेट याच्यानंतर येते, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याचे गुपित आपण राखले त्याच्याच हाती आपले गुपित द्यावे, हा हिशेब मुलाने तोंडाने न बोलता केलेला आहे.

आणि मग सुटी संपल्यावर येतो तो भेटीचा दिवस. आई आणि सावत्र वडील शाळेत येऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलेले असतात. मुलाने वडिलांना काचेचा एक शोभेचा गोल दिला होता. त्यावरून रुग्णालयात प्रकार घडला आणि वडिलांना दुसरीकडे हलविण्याची वेळ आली. आता अँगसला या शाळेतून काढून लष्करी शाळेत घालायचे ठरते. तेथे हनम सांगतो की भेटीला जाण्याचा आग्रह माझाच होता. हे खोटे आहे. त्या एका खोट्यापायी त्याची नोकरी जाते आणि मुलाची शाळा वाचते. निरोप घेताना तो अँगसला एक क्षुल्लक गोष्ट सांगतो: माझ्याशी बोलताना कोणत्या डोळ्याकडे पाहायचे ते. वर्षानुवर्षे मुलांनी ज्या व्यंगाची टिंगल केली, त्याचे उत्तर तो एकट्या या मुलाला देऊन जातो. मुठीच्या बदल्यात मूठ उघडते.

शिक्षकाने खोटे बोलावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेला जोडून वसतिगृह होते. आठवीच्या वर्गाला मी 'माझे वडील' असा निबंध घातला. एका मुलाने लिहिले की वडील बोटीवर असतात, म्हणून भेटीला येत नाहीत. वडील कोठे आहेत हे मला त्याच्या कागदपत्रांवरून ठाऊक होते. ते बोटीवर नव्हते. मी वह्या वाटताना सर्वांसमोर म्हणालो, "निबंधात खोटे लिहू नये." एवढेच. वर्गाला काही कळले नाही. त्याला सारे कळले. पुढची दोन वर्षे तो माझ्या तासाला वही लिहीत होता, उत्तरे देत होता, पण माझ्याकडे त्याने कधी मान वर करून पाहिले नाही. मी खरे बोललो होतो, आणि ते खरे सांभाळण्याची माझी लायकी नव्हती. हनमचे खोटे पाहताना मला माझे ते खरे आठवले.

दुसरी कलाकृती फार जुनी. एरिख केस्टनर या जर्मन लेखकाची 'उडता वर्ग' ही मुलांची कादंबरी 1933 साली निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात बर्लिनमध्ये नाझींनी पुस्तकांची होळी केली, तीत केस्टनरची पुस्तके जळाली, आणि तो स्वतः त्या गर्दीत उभा राहून ते पाहत होता. असा काळ, आणि कथा मात्र वसतिगृहातल्या मुलांच्या नाताळची! मार्टिन थालर हा वर्गातला पहिला मुलगा. घरी बापाला काम नाही. सुटीच्या तोंडावर आईचे पत्र येते. प्रवासाला आठ मार्क लागतात आणि आईला जमले आहेत पाच. तेव्हा बाळा, या नाताळला येऊ नकोस, आणि रडूही नकोस. मार्टिन रडायचे नाही असे स्वतःला बजावतो आणि मित्रांना एक शब्द सांगत नाही. गरिबी हे काही पाप नव्हे, असे आपण मोठी माणसे सहज म्हणतो. पण चौदा वर्षांच्या मुलाला बापाचे रिकामे हात जगापुढे उघडे करायचे नसतात. त्याचे मौन ही त्याची पितृभक्ती असते.

येथेही एक शिक्षक आहे, डॉक्टर ब्योक. लहानपणी तो याच शाळेत होता. आजारी आईला भेटण्यासाठी तो पळून गेला म्हणून त्याला शिक्षा झाली, कारण मनातले सांगावे असे त्या शाळेत कोणी नव्हते. पुढे तो तेथेच शिक्षक झाला. मुलांना सगळे सांगता येईल असा एक माणूस शाळेत असावा, एवढ्यासाठी! सारी मुले गेल्यावर मागे राहिलेला मार्टिन त्याला दिसतो. तो थोडेच विचारतो, समजायचे ते समजतो आणि नाताळची भेट म्हणून वीस मार्क हातावर ठेवतो. दिल्याची वाच्यता नाही, उपदेश नाही. मदत अशी करावी की घेणाऱ्याची मूठ झाकलेलीच राहील. हनमने नोकरी देऊन जे केले तेच ब्योकने वीस मार्कांत केले आहे.

तिसरे उदाहरण घरोघरीच्या मुलांना पाठ असेल. जे. के. रोलिंगच्या हॅरी पॉटर मालेतील 2003 साली आलेल्या पाचव्या पुस्तकात नाताळच्या दिवसांत हॅरी आणि त्याचे सोबती रुग्णालयात गेलेले असतात, आणि एका वॉर्डात त्यांना वर्गमित्र नेव्हिल दिसतो. तो आजीबरोबर आईवडिलांना भेटायला आलेला आहे. छळापायी दोघांचीही बुद्धी कायमची गेलेली आहे. येथे भेटीचा दिवस उलटा झाला आहे. मूल आईबापांच्या भेटीला आले आहे. आजी करारी. मित्रांना तू सांगितले नाहीस? यात लाज कसली? तिचे म्हणणे खरेच आहे, आणि तरीही त्या वेळी ते नेव्हिलला बोचते. इतक्यात आई जवळ येऊन त्याच्या हातात एक कागद ठेवते. गोळीचे रिकामे वेष्टन. आजी सांगते, टाकून दे. नेव्हिल ते हळूच खिशात घालतो. दोनशे-अडीचशे पानांच्या जादूपेक्षा ही एक हालचाल मला मोठी वाटते. हॅरीला हे सारे आधीच कळलेले होते; पण गुरूंनी सांगितल्यावरून त्याने ते कोणाला कळू दिले नव्हते, नेव्हिललासुद्धा नाही. मुलांच्या पुस्तकात मैत्रीची याहून चांगली व्याख्या सहसा सापडायची नाही.

इतकी स्तुती केल्यावर दोषही सांगितला पाहिजे. 'द होल्डओव्हर्स'मध्ये आईवर अन्याय झाला आहे. नवरा भ्रमिष्ट झाला, संसार मोडला, तिने घटस्फोट घेऊन दुसरे लग्न केले. त्या बाईने काय सोसले असेल? दिग्दर्शक तिला भेटीच्या दिवशी खोलीत आणून बसवितो आणि तिच्या बाजूने कॅमेरा जवळजवळ फिरवीतच नाही. मास्तरचा त्याग उजळ दिसावा म्हणून आई काळवंडलेली ठेवली आहे. केस्टनरने हे केले नाही. मार्टिनच्या आईचे पत्र वाचताना मुलापेक्षा तिचेच हाल अधिक जाणवतात. आपल्याकडचा शेखर कपूर यांचा 'मासूम' (1983) या बाबतीत अमेरिकन चित्रपटाहून उजवा आहे. त्याची कथा एरिक सेगलच्या कादंबरीवरून घेतलेली. पण नवऱ्याचे दुसरे मूल दारात उभे राहिल्यावर पत्नीचे काय होते, हे शबाना आझमींच्या इंदूने असे दाखविले आहे की आपण तिच्यावर रागावू शकत नाही आणि त्या मुलाकडेही पाठ फिरवू शकत नाही. आणखी एक मार्मिक गोष्ट त्यात आहे. त्या मुलाला निवासी शाळेत पाठवायचे ठरते ते शिक्षणापेक्षा घरातली अडचण दूर व्हावी म्हणून. वसतिगृह हे कधीकधी घराचे बंद कपाट असते, हे कटू सत्य या चित्रपटाने ओळखले. शेवटी इंदूच त्या मुलाला आपल्याबरोबर घरी नेते. कपाट उघडते ते ज्या व्यक्तीला सर्वांत जास्त दुखले आहे तिच्या हाताने.

या सर्व कलाकृतींत गुपित फोडणारा कोणी नायक नाही, हे आता ध्यानात येईल. नायक आहेत ते राखणारे. मात्र राखणे आणि दडपणे यांत अंतर आहे. मोठी माणसे दडपतात ती स्वतःच्या सोयीसाठी. मुले राखतात ती कोणाच्या तरी मायेपोटी. दडपलेले गुपित मुलाला एकटे पाडते, आणि राखलेल्या गुपिताला निदान एक तरी वाटेकरी असतो. लेखकाची कसोटी हे अंतर ओळखण्यात आहे. आईबापांची आणि शिक्षकांचीही तीच आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वसतिगृहातली मुले घरी आलेली असतील. फराळाच्या ताटाभोवती बसलेला तुमचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, किंवा मुलगी, वाटते त्याहून पुष्कळ जाणत असते. तुमच्या कुजबुजीचा अर्थ त्याला कधीच लागलेला असतो, आणि तो तुम्हाला सांभाळून घेत असतो. त्याला खोदून विचारू नये. जवळ बसावे, चकली पुढे करावी. त्याला वाटले तर तो आपण होऊन मूठ उघडील.

माझा तो आठवीतला मुलगा आज तिशी ओलांडून गेला असेल. त्याची ती निबंधाची वही मी परत दिली होती. 'खोटे लिहू नये' हा तांबड्या शाईचा शेरा तिच्यावर तसाच राहिला आहे.