तारप्याला ‘आपला बॅगपाइप’ का म्हणू नये?

‘तारपा म्हणजे वारल्यांचा बॅगपाइप’ असं सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. वाचकाला चटकन कळतं, हे खरं. पण या उपमेत झाकलं काय जातं, ते बघा.

बॅगपाइप म्हटलं की आपल्याला, त्यातून छावणीला लागून असलेल्या पडेगावात, लष्करी बँडमधला स्कॉटिश पाइप आठवतो. खांद्यावर तीन नळ्या, आणि त्यांचा अखंड आधारस्वर. सनईत सूर धरणारा वेगळा साथीदार असतो, तेच काम इथे या नळ्या करतात. हाच नमुना धरला की डाल्मेशिया-हर्जेगोविनाच्या ‘मिह’ची ओळख ‘आधारस्वर नसलेला बॅगपाइप’ अशी होते. म्हणजे वाद्याची ओळख काय, तर त्यात काय नाही ते! मिह या शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे: भाता, कातडी पिशवी. वाजवणाऱ्यांनी नाव ठेवलं ते असलेल्या गोष्टीवरून. एकाच लाकडात दोन नळ्या कोरलेल्या असतात, दोन्ही एकदम वाजतात. त्यात अपुरं काय आहे?

आता तारपा घ्या. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, त्यात पात्या, जोडायला मेण. होर्नबोस्टेल आणि झाक्स यांच्या 1914 च्या वर्गीकरणात हवेचा साठा कडक की लवचिक, यावर वेगळा आकडा पडतो. भोपळा कडक, कातडं लवचिक. वरवर हा कारकुनी भेद वाटतो, पण सगळा मुद्दा इथेच आहे. मिह वाजवणारा श्वास घेताना काखेतली पिशवी दाबतो आणि सूर चालू राहतो. भोपळा दाबता येत नाही. म्हणून तारपावाला गालात हवा साठवतो, ती बाहेर ढकलता ढकलता नाकानं श्वास घेतो. मिहची पिशवी जे करते, ते इथे माणसाचे गाल करतात.

जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, 2011) यांच्यासारख्या चित्रकारांमुळे तारप्याभोवतीचा फेर जगभर पोचला. चित्रात वाद्य दिसतं, दम दिसत नाही. निदान आपल्या लिहिण्यात तरी तो दिसावा. ‘आपला बॅगपाइप’ म्हटलं की नेमकं तेच कसब पुसलं जातं. तुलना जरूर करा, पण मोजपट्टी एकाच वाद्याची नको.