‘मुख्य मजकुराकडे जा’ : एका जवळच्या वाटेची चिकित्सा

संकेतस्थळाच्या पानाच्या माथ्यावर, बहुधा एरवी दिसणार नाही अशा रीतीने, एक लहानसे आज्ञार्थी वाक्य ठेवण्याचा प्रघात आहे : ‘मुख्य मजकुराकडे जा’. टॅबची कळ दाबली की ते प्रकट होते, आणि एन्टर दाबताच शीर्षपट्टी, सूची व विभागांचे दुवे ओलांडून वाचक थेट मजकुरापाशी पोचतो. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांपैकी २.४.१ हा निकष एवढ्याने पुरा होतो. परंतु निकष पुरा झाला म्हणजे वाचकाची सोय झाली, असे मानता येईल काय?

येथे अभिप्रेत आहे तो अल्पदृष्टी वाचक. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अल्पदृष्टी ही अंधत्वाहून निराळी मानली आहे. चष्मा इत्यादी उपायांनंतरही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ च्या खाली, परंतु ३/६० पर्यंत असेल, अथवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी व १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी होय. असा मनुष्य डोळ्यांनीच वाचतो. लपविलेल्या दुव्याची कल्पना मात्र मुख्यतः कानाने वाचणाऱ्यास समोर ठेवून घडलेली दिसते. उच्चारलेल्या वाक्याला पडद्यावर जागा लागत नाही. दिसणाऱ्या वाक्याला ती लागते, व पुरेशी लागते.

पडद्यावरील भिंगाने चौपट विशालन केले असता एका वेळी पडद्याचा सोळावा हिस्साच दृष्टीस पडतो. त्यात कित्येकदा दुव्याचा पहिला शब्द तेवढा मावतो, आणि प्रश्न तांत्रिक न राहता भाषिक होतो. ‘मुख्य पान’, ‘मुख्य सूची’, ‘मुख्य मजकुराकडे जा’ या तिन्हींचा आरंभ एकाच विशेषणाने होतो. भेद दाखविणारा शब्द भिंगाबाहेर राहतो. मूळ इंग्रजी वाक्यात आज्ञार्थी क्रियापद प्रारंभी असल्यामुळे हा दुवा काही ओलांडण्याचा आहे, हे पहिल्याच शब्दाने कळते. मराठीत क्रियापद अंती जाते, आणि भाषांतरकाराने अर्थ राखूनही ती खूण हरवते. ‘सूची वगळा’ हा पर्याय सुचविला जातो, पण त्यात काय सुटले ते कळते, कोठे पोचलो ते नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘मजकुराकडे जा’ एवढेच पुरे. ‘मुख्य’ हा शब्द तेथे भाराभूत आहे.

कळींच्या शॉर्टकटांची स्थिती याहून विचित्र आहे. एचटीएमएलच्या १९९७ च्या चौथ्या आवृत्तीने दुव्याला एखादे अक्षर नेमून देण्याची सोय केली. ते अक्षर बहुधा इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर असते, उदाहरणार्थ ओलांडण्यासाठी ‘एस’. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘एस’च्या कळीवर एकाराची मात्रा आहे आणि शेजारच्या ‘डी’वर हलन्त. ज्या चिन्हाला स्वतंत्र उच्चारही नाही, ते कोणत्या मराठी शब्दाची आठवण देणार? शिवाय विंडोजवर क्रोममध्ये त्या अक्षराबरोबर ऑल्ट दाबावी लागते, फायरफॉक्समध्ये ऑल्ट व शिफ्ट दोन्ही. ज्याला कळांची यादी पडद्यावर शोधणेच कष्टाचे, त्याच्यावर हे पाठांतर लादले जाते. (एकाक्षरी शॉर्टकट बंद करता किंवा बदलता यावेत, अथवा ते निवडलेल्या घटकापुरतेच चालावेत, असे २०१८ च्या आवृत्तीत आले, ते ठीकच.)

ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीतील २.४.११ या निकषाचे पुष्कळ स्वागत झाले. कळफलकाने निवडलेला घटक स्थिर शीर्षपट्टीखाली संपूर्ण झाकला जाऊ नये, असे तो सांगतो. ‘संपूर्ण’ हा शब्द येथे घातक आहे, कारण काठ दिसला तरी निकष पाळला गेला असे ठरते. कोणताही भाग झाकू नये ही अपेक्षा २.४.१२ मध्ये आहे, पण ती सर्वांत वरच्या श्रेणीत, म्हणजे फारसे कोणी जात नाही तेथे. देवनागरीत वरची बाजू झाकली की प्रथम शिरोरेषेवरील चिन्हे जातात : अनुस्वार, रफार, मात्रा. ‘शोधा’ हा दुवा तेवढा झाकला तर वाचकाच्या भिंगात ‘शाधा’ उरते.