कुलेतिहास आणि जनगणना : एका साधनाची चिकित्सा

१

वंशावळी, कैफियती आणि महजर ह्यांच्यावाचून मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन पुढे सरकत नाही, हा मराठी संशोधनाचा जुना अनुभव आहे. असे असूनही घराण्यांनी वर्गणी जमवून छापलेले कुलवृत्तान्त मात्र विद्वत्तेच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून जुनी दप्तरे महाजालावर खुली होऊ लागली, तसे ह्या उपेक्षित विषयाकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वळले. आणि त्याबरोबरच एक नवी अपेक्षाही निर्माण झाली. इंग्लंड-अमेरिकेत सामान्य मनुष्य जनगणनेच्या पत्रकांतून आपला पणजोबा शोधून काढतो. तसा तो महाराष्ट्रातही काढता यावा, अशी ती अपेक्षा होय. ती कितपत साधार आहे, आणि ती पुरी होत नसेल तर त्यामुळे नेमकी हानी कोणाची होते, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

जनगणनेचे पत्रक हे कुलेतिहासाचे श्रेष्ठ साधन मानले जाते, ते त्याच्या प्राचीनत्वामुळे किंवा बिनचूकपणामुळे नव्हे. ही दोन्ही प्रमाणपत्रे त्याला देता येत नाहीत. त्याची योग्यता निराळ्या गुणात आहे. जमिनीचा कागद जमीनधारकाचा असतो, वतनाचा कागद वतनदाराचा असतो. गणनापत्रकात मात्र ठरलेल्या एका रात्री त्या छपराखाली जे कोणी असतील त्या सर्वांची नोंद होते. धनी आणि चाकर, सासू आणि सून, पाहुणा आणि तान्हे मूल एका खालोखाल एक लिहिले जातात. नोंद होण्यासाठी मालमत्ता लागत नाही, प्रतिष्ठा लागत नाही, कज्जाही लागत नाही. ह्या सर्वसमावेशकतेच्या कसोटीवरच पुढील सर्व साधने पारखावयाची आहेत.

२

ब्रिटनमध्ये १८०१ पासून दर दहा वर्षांनी गणना होत आली. परंतु प्रत्येकाचे नाव पद्धतशीरपणे नोंदविणारी पहिली गणना १८४१ ची. तीतही पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये पाचाच्या पटीत उतरवून लिहिलेली असतात, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात मनुष्य त्याच परगण्यातला की बाहेरचा एवढेच कळते. कुटुंबप्रमुखाशी नाते, वैवाहिक स्थिती आणि जन्माचे गाव ह्या बाबी १८५१ पासून मिळू लागतात. १९११ च्या गणनेत विवाहित स्त्रीला किती मुले झाली, किती हयात आहेत आणि किती दगावली, हेही विचारलेले आहे; मृत अर्भकांची अन्यत्र कोठे नोंद नसली तरी येथे त्यांची संख्या तरी उरते. त्याच वर्षी मताधिकाराच्या चळवळीतील अनेक स्त्रियांनी गणनेवर बहिष्कार घातला. त्यामुळे पत्रकातील अभाव हाही कधीकधी पुरावा असतो, हे लक्षात ठेवावे लागते.

ही पत्रके सामान्यतः शंभर वर्षांनी खुली करण्याचा तेथील दंडक आहे. १९०१ ची पत्रके २ जानेवारी २००२ रोजी महाजालावर आली, तेव्हा मागणीच्या भाराने ती सेवा काही दिवसांतच बंद करावी लागली. १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये, प्रथम मूल्य घेऊन, उपलब्ध झाली. त्यांच्यामागे मात्र मोठा खंड आहे. १९३१ ची पत्रके १९४२ च्या डिसेंबरात आगीत नष्ट झाली आणि १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही. अमेरिकेत हीच मुदत बहात्तर वर्षांची असून तेथील १९५० ची पत्रके १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. त्यांची पहिली नामसूची तर यंत्राकडून हस्ताक्षर वाचवून तयार केलेली होती.

परंतु सर्वसमावेशकतेचा दावा अमेरिकेतही सर्वकाळ खरा नाही. १७९० ते १८४० पर्यंत तेथे केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव आले. गुलामांसाठी मात्र १८५० व १८६० मध्ये वेगळी पत्रके होती, आणि त्यांत मालकाच्या नावाखाली गुलामाचे वय, लिंग व वर्ण एवढेच नोंदविलेले असे. मोजणी होती, नाव नव्हते. म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध बहुधा १८७० च्या गणनेपाशी येऊन थांबतो. मोजला जाणे आणि नोंदला जाणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ह्या उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके तात्त्विक विवेचनाने क्वचितच होईल.

आयर्लंडचा अनुभव ह्याहून वेगळा, आणि मराठी अभ्यासकास अधिक बोधप्रद आहे. तेथील १८२१ ते १८५१ ची बहुतेक पत्रके १९२२ मध्ये डब्लिनच्या दप्तरखान्याबरोबर जळाली. १८६१ व १८७१ ची सरकारनेच नष्ट केली. १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली. १९०१ व १९११ च्या पत्रकांमागे आयरिश अभ्यासकास म्हणूनच जमिनीच्या करआकारणीच्या याद्यांचा आधार घ्यावा लागतो. १८४७ ते १८६४ ह्या काळात प्रसिद्ध झालेली ग्रिफिथची आकारणी ही त्यांतील प्रमुख. तीत जमीन वा घर धारण करणाराचे नाव मिळते. त्याची बायको, मुले किंवा घरातला चाकर मिळत नाही. आयरिश अभ्यासक अशा साधनास गणनेचा ‘पर्याय’ म्हणतात, आणि पर्यायाची मर्यादा उघडपणे सांगून मगच त्याचा उपयोग करतात. नेमका हाच विवेक मराठी कुलेतिहासात दुर्मिळ आहे.

३

भारतात पहिली गणना १८७२ ची म्हणून ओळखली जात असली तरी ती सर्वत्र एका वेळी झालेली नव्हती. एककालिक गणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. प्रगणकांनी तेव्हापासून घरोघरी जाऊन पत्रके भरली, त्यांत नावाचा रकानाही होता. घरच्यांचा विरोध असल्यास स्त्रीचे नाव न लिहिता केवळ ‘स्त्री’ एवढेच लिहिण्याची मुभा वसाहतकालीन सूचनांत आढळते. परंतु ह्या दोषाची चर्चा करण्याचीही वेळ अभ्यासकावर येत नाही, कारण कोष्टके तयार झाली की मूळ पत्रके नष्ट केली जात. राज्यकर्त्यांस लोकसमूहांची संख्या हवी होती. व्यक्तीच्या नावाचे काम संख्या मिळताच संपत असे.

स्वातंत्र्योत्तर कायद्याने ह्या स्थितीत निराळी भर घातली. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ अन्वये गणनेचे कोणतेही पुस्तक वा पत्रक पाहण्याचा हक्क कोणासही नाही, आणि त्यातील नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य नाही. ह्या बंदीस कालमर्यादा नाही. म्हणजे ब्रिटनमध्ये जे शंभर वर्षे आणि अमेरिकेत बहात्तर वर्षे गुप्त असते, ते भारतात कायद्याच्या शब्दाप्रमाणे सदैव गुप्त आहे. अभ्यासकाच्या हाती उरतात ते छापील अहवाल, कोष्टके आणि त्यांच्या आधारे रचलेली गॅझेटियरे.

ह्या छापील ग्रंथांच्या प्रती आता महाजालावर सहज मिळतात, आणि नेमका येथेच एक घोटाळा उद्भवतो. एखाद्या जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक होते, ह्या विधानावरून अमुक घराणे त्यांतलेच होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांस आवरत नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामामुळे आणि २०२५ मधील हैदराबाद गॅझेटियरविषयीच्या निर्णयामुळे हा प्रश्न ग्रंथालयातून चावडीवर आला. त्या निर्णयांच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे प्रस्तुत नाही. साधनचिकित्सेपुरते एवढेच म्हणावयाचे, की गॅझेटियरात समूहाची संख्या आहे, व्यक्तीचे नाव नाही. आणि संख्येतून नाव काढण्याची कोणतीही रीत इतिहासशास्त्रास ठाऊक नाही. नाव हवे असेल तर गावनमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, खरेदीखते अशा व्यक्तिनिष्ठ कागदांकडेच वळावे लागते.

४

गणनेच्या अभावी मराठी कुलेतिहासाने जी साधने वापरली, त्यांची जातकुळी पाहण्याजोगी आहे. इनाम कमिशनपुढे १८५२ नंतर सादर झालेल्या कैफियती व वंशावळी इनामाचा हक्क शाबीत करण्यासाठी लिहिलेल्या आहेत. महजर हे तंट्याच्या निवाड्यातून जन्मले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद मुख्यतः राज्यकारभार व महसूल ह्यांसंबंधीचे आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस जाण्याची ऐपत असणारे आणि त्या उपाध्यायांचे यजमान असणारेच येतात. प्रत्येक साधन कोणत्या तरी हक्काच्या, देण्याघेण्याच्या वा विधीच्या पोटी निर्माण झालेले आहे, आणि ज्याचा तो हक्क नव्हता त्याचे नाव तेथे येण्याचे कारणच नव्हते. गोव्यातील चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत आईबापांची नावे मिळतात. परंतु त्याही एका धर्मसमाजापुरत्याच.

ह्या परिस्थितीचा विरोधाभास समुद्रापलीकडील मराठी लोकांच्या बाबतीत विशेष जाणवतो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडील जे मजूर करारावर मॉरिशसला गेले, त्यांची नोंद तेथील आप्रवासी रजिस्टरांत झाली. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत, आणि मजुरांचे वंशज त्यांच्या आधारे आपले मूळ गाव शोधतात. मळेवाल्याला मजुराची ओळख पटविणे आवश्यक होते म्हणून त्याचे नाव, बापाचे नाव आणि गाव लिहिले गेले. गावी राहिलेला त्याचा भाऊ भूमिहीन असेल, तर तो बहुधा १८८१ च्या कोष्टकातील एका आकड्यापलीकडे उरलेला नाही. परक्या बेटावरच्या करारबद्ध जिण्याने जे नाव राखले, ते घरच्या व्यवस्थेने राखले नाही.

महाजालावरील साधनांनी हा असमतोल कमी केला आहे असे म्हणवत नाही. यात्रेकरूंच्या वह्यांच्या प्रतिमा ‘फॅमिलीसर्च’सारख्या संग्रहांत आल्या, जिल्ह्याजिल्ह्यांची मोडी कागदपत्रे छायांकित झाली, हे कार्य निःसंशय उपकारक आहे. परंतु ज्याची नोंद पूर्वीच होती त्याचीच नोंद अधिक सुलभ झाली. शिवाय नामसूचीतून शोध घेण्याच्या सवयीमुळे काही नव्या चुका संभवतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. जुन्या कागदांत आडनावाऐवजी ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘वलद तमुक’ असे येते. स्त्री येते ती ‘कोम अमुक’ म्हणून, नवऱ्याच्या नावाआडून. आजचे आडनाव घालून शोध घेणारास काहीच सापडले नाही, तर त्यावरून पूर्वज तेथे नव्हते असे सिद्ध होत नाही. सूची करणाराने कोणता शब्द आडनाव मानला, एवढेच कदाचित सिद्ध होते.

५

मग भारतातील गणनापत्रकेही खुली करावीत काय? ह्यावर गुप्ततेच्या बाजूने एक बळकट युक्तिवाद आहे, आणि तो टाळता येत नाही. मनुष्य प्रगणकास खरे सांगतो, ते त्या सांगण्याचा उपयोग त्याच्याविरुद्ध होणार नाही ह्या भरवशावर. हा भरवसा सुटला की काय घडते, त्याचे उदाहरण आसामात आहे. १९५१ च्या गणनेतील नोंदींवरून तेथे नागरिकांची एक नोंदवही तयार झाली. ती आणि २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदारयाद्या पुढे ‘वारसा-नोंदी’ म्हणून महाजालावर ठेवण्यात आल्या, आणि त्यांतील पूर्वजाशी आपले नाते सिद्ध करण्याचे ओझे प्रत्येक अर्जदारावर पडले. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ माणसे वगळली गेली. माहेरचे नाते दाखविणारा कागद ज्यांच्यापाशी नव्हता अशा विवाहित स्त्रियांस ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबावे लागले, आणि त्या दाखल्याची ग्राह्यताच २०१७ मध्ये न्यायालयीन वादाचा विषय झाली. कुलेतिहास येथे छंद राहिला नाही. वंशवृक्ष जुळला नाही तर नागरिकत्वच संशयात पडे.

ह्या उदाहरणाचा निष्कर्ष मात्र ‘सदैव गुप्त’ असा निघत नाही. आसामात अनर्थ घडला तो हयात माणसांविरुद्ध, अपुऱ्या नोंदींच्या आधारे. शंभर वर्षांची मुदत हयात माणसास संरक्षण देते आणि त्याच्या पणतवंडास साधनही देते. अनिश्चित गुप्तता पहिले काम करते, दुसरे करीत नाही. आणि पत्रकेच नष्ट केली तर मुदतीचा प्रश्नच उरत नाही. २०२७ च्या गणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली, आणि माहिती मोबाइल उपयोजनांतून गोळा करण्याचे जाहीर झाले. कागदाच्या ढिगांस जागा नाही, ही जुनी सबब अशा गणनेस लागू पडत नाही. त्या नोंदी राखाव्यात काय, किती वर्षे मिटून ठेवाव्यात आणि त्यानंतर कोणास पाहू द्याव्यात, ह्याचा निर्णय कायद्याच्या स्पष्ट शब्दांनी व्हावयास हवा; इतिहासाच्या विभागांनी ह्या प्रश्नावर मौन बाळगणे हे त्यांच्या कर्तव्यास धरून नाही.

तोपर्यंत अभ्यासकाकडून अपेक्षा माफक आहे. कुलाचा इतिहास लिहिताना आपण वापरलेले साधन कोणत्या हक्कापोटी जन्मले, हे त्याने प्रथम सांगावे. आणि त्या साधनात घरातील कोणत्या माणसांस जागा नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे नमूद करावे. वंशावळीत सुनांची रिकामी घरे असतात, ती ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढ्या शब्दांनी भरून काढली जातात. ती माहिती का उपलब्ध नाही, हे लिहिणे हाच त्या घराण्याच्या इतिहासाचा एक भाग होय.