जिंजरची पाठ : ‘ब्लॅक ब्यूटी’विषयी एक समीक्षात्मक टिपण

ॲना स्यूएल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ (१८७७) ही कादंबरी प्रामुख्याने भूतदयेच्या अंगाने वाचली जाते. घोड्याची मान वर खेचून धरणाऱ्या लगामाविरुद्धचे निवेदन म्हणून तिचा होणारा उल्लेख यथार्थच आहे. तथापि जिंजर या घोडीच्या कथेत पाठीच्या एका दुखण्याचा जवळजवळ संपूर्ण वृत्तांत आलेला आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच.

अडथळ्यांच्या शर्यतीत वजनदार स्वाराखाली जिंजरच्या पाठीत लचक भरते. वर्षभर तिला कुरणात मोकळे सोडले जाते. पुढे कामास योग्य समजून ती विकली जाते; एका लांबलचक दौडीनंतर जुने दुखणे उलटते; पुन्हा विश्रांती, औषधपाणी आणि पुन्हा विक्री. अखेर ती लंडनमध्ये भाड्याच्या गाडीला जुंपली जाते.

आजच्या अश्ववैद्यकास हा क्रम परिचित वाटेल. केवळ विश्रांतीने पाठीचे स्नायू सशक्त होत नाहीत. खोगीर व स्वाराचे वजन तपासणे, भौतिकोपचार आणि क्रमाने वाढविलेला व्यायाम यांची जोड द्यावी लागते. निदानही सोपे नाही. मणक्यांचे काटे परस्परांना टेकल्याचे क्ष-किरण चित्रात दिसले, तरी तसे ते न दुखणाऱ्या घोड्यांतही आढळते. म्हणून घोड्याच्या वर्तनाला महत्त्व येते. स्यू डायसन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वारीच्या वेळच्या २४ वर्तनांची सूची मांडली. त्यांपैकी ८ वा अधिक आढळल्यास स्नायू-अस्थींच्या वेदनेची शक्यता बळावते. कान मागे पाडणे, शेपूट झटकणे ही त्यांतली काही. हट्टी स्वभाव म्हणून ज्यासाठी चाबूक उगारला जातो, तेच लक्षण असू शकते. (जिंजरच्या आरंभीच्या तापटपणाला मात्र हा निकष लावू नये, त्याचे कारण लेखिकेने निर्दय वळण लावण्यात दाखविले आहे.)

घोड्याला वाचा दिल्याने निदानाचा पेचच नाहीसा होतो, हा या कादंबरीवरील आक्षेप मान्य करावा लागेल. परंतु तिचे सामर्थ्यही तेथेच आहे. प्रत्येक विक्रीगणिक जिंजरचा पूर्वेतिहास पुसला जातो. नव्या मालकाला दिसते ती स्वस्तात मिळालेली घोडी. तो इतिहास आत्मकथनाच्या रूपानेच टिकून राहतो, आणि तोही अपुरा. गाडीतून नेले जाणारे तांबूस घोड्याचे शव ब्यूटीला दिसते. ती जिंजरच असावी असे त्याला वाटते, पण कादंबरी त्याची खात्री देत नाही.